बाकाची फळी

एकदा एक तरुण शिक्षक शिकवणे शिकण्यासाठी एका वृद्ध शिक्षिकेच्या शाळेत आला. शिक्षकी पेशाच्या परीक्षेत तो सगळ्यांत पहिला आलेला होता, त्यामुळे आता शिकण्यासारखे फारसे उरले नसावे असा त्याचा प्रामाणिक समज होता. त्याच्या प्राध्यापकांनी मात्र निरोप देताना त्याला बजावले होते, "सातपुड्याच्या पायथ्याशी एक शाळा आहे. तिथल्या मोठ्या बाईंच्या हाताखाली वर्षभर राहा आणि मग स्वतःला शिक्षक म्हणव." गुरूची आज्ञा म्हणून तो आला. येताना रंगीत खडू, तक्ते, शिट्टी आणि भरपूर आत्मविश्वास बरोबर घेऊन आला.

ती शाळा एका उठवलेल्या गावाची होती. गाव पूर्वी वर डोंगरात, दाट सागवानात वसलेले होते. पुढे ते जंगल वाघांसाठी राखायचे ठरले आणि माणसांना खाली मोकळ्या माळावर नवी घरे मिळाली. घरे पक्की होती, रस्ता सरळ होता, दाराशी नळ होता. सावली तेवढी आणायची राहून गेली होती. मोठ्या बाई त्याच डोंगरात जन्मलेल्या, त्याच लोकांतल्या. शिकून बाहेर गेल्या आणि शिकवायला परत आल्या. केस पांढरे झाले तरी वर्गात त्या खुर्चीवर बसत नसत, पोरांच्या मध्ये बाकावर बसत. तरुण शिक्षकाला हे जरा गैरशिस्त वाटे, पण तो बोलत नसे.

तिसऱ्या वर्गात सुगरती नावाची एक मुलगी होती. ती बोलत नव्हती. मुकी नव्हती, बरे का. आदल्या वर्षापर्यंत वर्गात सगळ्यांत जास्त तोंड तिचेच चालायचे, असे इतर पोरे सांगत. गाव खाली आले त्याच पावसाळ्यात तिची आई, सोमती, तापाने गेली, आणि मुलीचा आवाज जणू आईबरोबर गेला. ती शाळेत येई, कोपऱ्यातल्या एका जुन्या बाकावर बसे, आणि सुट्टी झाली की उठून जाई. पुस्तक उघडीत नसे.

तिचा बाप सानू एकदा शाळेत आला आणि दारातच उभा राहून तरुण शिक्षकाशी बोलला. "मास्तर, होळी झाली की मी कामाले खाली उतरतो जी. संत्र्याच्या बागेत. पोरगी शिकत असन तर तिच्या मावशीपाशी ठेवतो. नाई तर संग घेऊन जातो. इथं नुसती बसून काय करन ते?"

"मी शिकवतो तिला," तरुण शिक्षक म्हणाला. त्याने हे मनापासून म्हटले होते. बागेत गेलेली मुलगी पुन्हा शाळेत दिसत नाही, हे एवढ्या दिवसांत त्यालाही समजले होते. होळीच्या आत सुगरतीला बोलते करायचे आणि शाळेत राखायचे, हा त्याने आपला पणच केला.

आणि मग त्याने आपल्याला येत होते ते सगळे केले. तिला कोपऱ्यातून उठवून पुढे, नव्या लोखंडी बाकावर बसवले. पाठ फिरताच ती पुन्हा कोपऱ्यात. तिला रंगीत खडू दिले. ते तिने शेजारणीला देऊन टाकले. शेवटी त्याने तो जुना बाकच उचलून व्हरांड्यात मोडीत ठेवला, तर सुगरती व्हरांड्यात जाऊन बसली. आता तर फळाही दिसेना. मुलगी हट्टी आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. शिकलेल्या माणसाला ही एक खोड असते, प्रश्न नीट पडायच्या आधी त्याला उत्तर सुचते.

तो बाक खरोखर मोडीत काढण्याजोगाच होता. गाव डोंगरावरून उतरले तेव्हा जुन्या शाळेतली तेवढी एकच वस्तू कुणीतरी बैलगाडीत घालून खाली आणली होती. सागाचा, जाडजूड, एक पाय किंचित आखूड. नवे बाक आल्यावर त्याला कुणी विचारीत नव्हते.

एके दिवशी मोठ्या बाई तालुक्याला गेल्या होत्या. काम लांबले आणि मुक्काम पडला. त्याच दिवसांत तरुण शिक्षकाने सुगरतीला पकडले. ती खिळ्याने बाकाच्या वरच्या फळीवर काहीतरी कोरत होती. त्याने जवळ जाऊन पाहिले. चार पायांचे एक जनावर होते, त्यावर बसलेले एक माणूस, आणि वर दोन बाजूंना एक गोल आणि एक कोर. रेघा खोल होत्या. हे आज सुरू झालेले काम नव्हते. फार दिवस, फार जपून चाललेले होते.

त्याला राग आला. शाळेची वस्तू खराब केल्याचा राग होता, पण त्याहून मोठा राग दुसराच होता: इतके दिवस आपण हिच्यासाठी जीव तोडतो आहोत आणि ही इथे बसून टिवल्याबावल्या करते आहे. तरीही त्याने हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. मारणारा मास्तर तो नव्हता. शांतपणे त्याने दुकानातून घासकागद मागवला आणि तिच्या हातात दिला. "तू केलंस ना हे? मग तूच घासून काढ."

सुगरतीने त्याच्याकडे पाहिले आणि मग खाली बसून घासू लागली. आधी जनावर गेले. मग माणूस पुसट होत गेले. वरचा गोल आणि कोर मात्र तिने घासली नाही. कितीही सांगितले तरी हात तिथे जाईना. त्यानेही मग ताणले नाही. ती रडली नव्हती, आणि तिने सांगितलेले बव्हंशी ऐकले होते. शिस्त लागते आहे, असे वाटून त्याला थोडे समाधानही झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत खिचडी वाढली, तेव्हा सुगरतीने ताट हातात घेतले आणि भरलेले तसेच परत ठेवले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मावशीने सांगितले, घरीही खात नाही. आता तरुण शिक्षकाचे समाधान ओसरले आणि त्याला भीती वाटू लागली. होळी तोंडावर आली होती. सानू बिऱ्हाडाची बांधाबांध करू लागला होता.

अशातच एका सकाळी मोठ्या बाई परतल्या. व्हरांड्यातून आत येता येता त्या जुन्या बाकापाशी थबकल्या. घासलेल्या जागेवर त्यांनी बोटे फिरवली. लाकूड तेवढ्या जागी फिके पडले होते. त्याच्या वर सूर्य आणि चंद्र तसेच होते. बाई एकदम खालीच बसल्या. तरुण शिक्षकाला वाटले, प्रवासाने चक्कर आली.

"बाई, पाणी आणू?"

त्यांनी मानेनेच नको म्हटले. "हे कुणी घासलं?"

"सुगरतीनं. मीच सांगितलं तिला. बाकावर चित्रं काढत बसली होती." तो हे अभिमानाने बोलला नाही, पण खाली मान घालूनही बोलला नाही.

सुगरती बाकाच्या टोकाला बसून होती. बाई तिच्याजवळ सरकल्या, त्या फिक्या जागेवर तळहात ठेवला आणि तिच्या भाषेत, अगदी हळू, दोनच शब्द विचारले. तरुण शिक्षकाला ती भाषा तोडकीमोडकी समजू लागली होती. बाईंनी विचारले होते, "हे कोण?"

मुलगी गप्प राहिली. बाईही गप्प राहिल्या. आत वर्गात पोरांचा गलका चालला होता, शाळेमागे कुणाची तरी शेळी ओरडत होती, आणि या दोघी एकमेकींशेजारी बसून होत्या. तरुण शिक्षकाला असे थांबता आले नसते. त्याने एव्हाना प्रश्न तीनदा विचारला असता. मग कितीतरी वेळाने सुगरतीचे ओठ हलले.

"माय," ती म्हणाली.

तरुण शिक्षक चमकला. इतक्या महिन्यांत त्याने ऐकलेला तो तिचा पहिला शब्द होता. पण पुढे जे घडले ते त्याला त्याहून अजब वाटले. मोठ्या बाई उठल्या, शेजारच्या घरातून करवत मागून आणली, पदर खोचला आणि त्या बाकाची वरची फळी कापायला लागल्या.

"बाई, अहो, सरकारी बाक आहे तो," तो घाबरून म्हणाला.

"लाकूड सरकारच्या आधीपासून आहे," बाई म्हणाल्या. "बघत काय राहिलास? दुसरं टोक धर."

त्याने धरले. सागाचे जुने, वाळलेले लाकूड सहजासहजी कापले जाईना. बाईंना दम लागला तेव्हा करवत त्याने घेतली, आणि आपण हे का करतो आहोत याची कणभर कल्पना नसताना तो कापत राहिला. भुसा पडू लागला तसा सागाचा वास सुटला. सुगरती पुढे झाली, तिने ओंजळीत भुसा घेतला आणि नाकाशी धरला. फळी सुटी झाली तेव्हा बाईंनी तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि ती भिंतीशी उभी करून ठेवली.

मग त्या तरुण शिक्षकाकडे वळल्या.

"आमच्यात माणूस गेलं, की त्याच्या नावाची फळी कोरतात. घोडा, घोड्यावर ते माणूस, वर चंद्र-सूर्य. त्या फळीला मुंडा म्हणतात. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली तो उभा करतात, तेव्हा गेलेलं माणूस आपल्या लोकांत जाऊन बसतं. तोवर ते बिचारं वाटेवरच असतं, आणि घरच्यांचाही जीव वाटेवर टांगलेला. हिची आई गेली तेव्हा गाव नुकतंच उतरलं होतं. दुकानातली फळी चालत नाही, जिथे माणूस जगलं तिथलंच लाकूड लागतं. आणि तिथलं लाकूड आता तोडायला बंदी. सानूनं आज करू, उद्या करू म्हणत ठेवून दिलं. माणसं दुःखाला अशीच बाजूला ठेवतात. पण लेकरानं शोधून काढलं. या अख्ख्या माळावर आपल्या रानातलं लाकूड एकच आहे, हे तिला दिसलं. आपण रोज त्याच्या शेजारून ये-जा करत होतो. तू नवा आहेस, मी तर इथलीच, आणि मलाही दिसलं नाही."

तरुण शिक्षकाने भिंतीशी उभ्या फळीकडे पाहिले. फळीवरची ती फिकी जागा त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि तो घासकागद त्यानेच मागवला होता. त्याने तिच्याच हातांनी तिची आई पुसायला लावली होती. त्याला रडू आले आणि ते त्याने लपवले नाही.

"मला कसं कळणार होतं, बाई?"

"कळणार नव्हतंच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "म्हणून तर विचारायचं असतं. तू तिला विचारलं असशील, हे काय केलंस? त्या प्रश्नाला लेकरू काय उत्तर देणार? आम्ही शाळेत गेलो की घरची माणसं दाराबाहेर ठेवून आत जायचो, मास्तर. आमची भाषा, आमचे देव, आमचे मेलेले, सगळे बाहेर चपलांपाशी. उरलेलं जे अर्धं पोर आत बसायचं, ते शिकत नाही म्हणून मार खायचं. या मुलीनं आपल्या आईला वर्गात आणून बसवलं, एवढीच तिची खोडी."

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "आता मी काय करू?"

"फळी उचल," बाई म्हणाल्या.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी शाळा डोंगराकडे निघाली. बाईंनी वनखात्याच्या नाक्यावर जाऊन आधीच बोलून ठेवले होते. लाकूड बाहेर आणायला मनाई होती, आत न्यायला कुणाची हरकत नव्हती. पुढे सानू, त्याच्याबरोबर गावाचा म्हातारा भूमका, म्हणजे त्यांचा पुजारी. मधे पोरे आणि बाया. सगळ्यांच्या मागे फळी खांद्यावर घेतलेला तरुण शिक्षक. सानूने फळी मागितली, दोनदा मागितली, पण त्याने दिली नाही. सुगरती त्याच्या शेजारून चालत होती. चढावर तो धापा टाकू लागला की तीही थांबे.

जुन्या गावाच्या जागी गाव नव्हते. घरांच्या जोत्यांवर गवत माजले होते, विहिरीत झाडोरा उतरला होता. पोरे मात्र थेट आपापल्या घरात शिरावीत तशी त्या गवतात शिरली आणि इथे चूल होती, इथे कोंबड्या होत्या, असे एकमेकांना दाखवू लागली. त्यांचे आवाज इथे निराळेच होते. शाळेत कधी तोंड न उघडणारी पोरे इथे एकमेकांना बोलू देत नव्हती.

आणि मग ते झाड आले. मोहाचे झाड, दोघातिघांच्या कवेत न मावणारे. त्याच्याखाली फळ्याच फळ्या उभ्या होत्या. काही ताठ, काही कलंडलेल्या, काही अर्ध्या मातीत गेलेल्या. प्रत्येकीवर घोडा, घोड्यावर माणूस, वर चंद्र-सूर्य. फुले गळायला लागली होती, आणि फळ्यांच्या माथ्यांवर, पायांशी, सगळीकडे मोहाची फुले पडलेली होती. तरुण शिक्षक जागच्या जागी उभा राहिला. त्याने मोठमोठी देवळे पाहिली होती, पण असे कुठे वाटले नव्हते. आपण इथे काही पाहायला आलेलो नाही, आपल्यालाच कुणीतरी पाहते आहे, असे त्याला वाटले. त्याने नकळत पायांतले बूट काढले.

भूमकाने फळी हातात घेतली, सूर्याकडे धरली आणि डोळे बारीक करून पाहिले. मग हसला. "रेघ आहे अजून," तो म्हणाला. "पोरीनं खोल कोरलं होतं." घासलेल्या जागी पुसट खूण उरली होती, आणि त्याने पटाशी त्याच खुणेवरून चालवली. घोडा परत आला. घोड्यावर माणूस परत आले. सानूने खड्डा खणला, फळी उभी केली, आणि त्या रांगड्या माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. बायांनी गाणे धरले. सुगरतीने आईच्या फळीला तेल-हळद लावली, तिच्या पायाशी भाताचा घास ठेवला, आणि मग बाजूला बसून पत्रावळीतला स्वतःचा भात खाल्ला. सगळा खाल्ला, आणि आणखी मागितला.

जेवणे झाल्यावर ती उठली आणि तरुण शिक्षकाचे बोट धरून त्याला फळ्यांमधून हिंडवू लागली. "हे आजी. हा आजीचा बाप, याले अस्वलानं मारलं. हे त्याची बहीन, लय गाणी यायची तिले." एकेका फळीपाशी थांबून ती सांगत होती. आईने तिला हे सगळे शिकवून ठेवले होते. ज्या मुलीला पुस्तकातले अक्षर ओळखता येत नाही असा शेरा त्याने दिला होता, ती त्याला आपल्या घराण्याच्या मागच्या कितीतरी पिढ्या वाचून दाखवत होती, आणि तो विद्यार्थ्यासारखा तिच्या मागून चालत होता.

रांगेच्या टोकाला एक फळी होती, फार जुनी. तिच्यावर काहीच नव्हते. घोडा नाही, माणूस नाही, चंद्र-सूर्यही नाहीत. नुसते राखाडी, गुळगुळीत लाकूड. तरुण शिक्षक तिथे थांबला. तशी फिकी, रिकामी जागा त्याने पाहिलेली होती.

"यावर तर काही नाही," तो म्हणाला.

सुगरतीने त्याच्याकडे वर पाहिले. मास्तरला एवढेही कळू नये, याचे तिला थोडे नवल वाटले असावे.

"पावसानं पुसलं जी," ती म्हणाली. "पन माणूस आहे ना तिथं."

तो तिच्या शेजारी मातीत बसला. मोठ्या बाई झाडाच्या बुंध्याला टेकून दुरून पाहत होत्या.

होळी झाली. सानू बागेच्या कामाला उतरला, एकटाच. जाताना मुलीला शाळेच्या दारापर्यंत सोडून गेला. सुगरती वर्गात आली, कोपऱ्याकडे एकदा पाहिले आणि सरळ पुढच्या बाकावर जाऊन बसली. मग उभी राहून म्हणाली, "मायचं नाव कसं लिवतात?"

तरुण शिक्षकाने फळ्यावर मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिले: सोमती. तिने ते पाटीवर गिरवले. तिचे पाहून शेजारच्या पोराने आपल्या आजाचे नाव मागितले, मग आणखी कुणी आणखी कुणाचे, आणि दिवस मावळेपर्यंत फळा माणसांनी भरून गेला. शाळा सुटली तेव्हा तरुण शिक्षकाने फळा पुसायचे फडके हातात घेतले, आणि त्याचा हात उचलेना. त्याने फडके खुंटीला अडकवले आणि फळा तसाच ठेवून दार ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडा सुरू करायची वेळ झाली, तरी तो फळ्यासमोर नुसता उभा होता. खडू टेकवायला जागा नव्हती आणि पुसायचा धीर होत नव्हता. पोरे वाट पाहत होती. सुगरती उठली, खुंटीवरचे फडके काढले, टाचा उंचावल्या आणि आईच्या नावापासून सुरुवात करून तिने सगळा फळा स्वच्छ पुसला.

मग फडके त्याच्या हातात देत ती म्हणाली, "आता दुसरं शिकवा."